गाभण आणि गरोदर

१

मराठीत बाई गरोदर असते, गाय गाभण असते. बाई बाळंत होते, गाय विते. बाईला गाभण म्हटले तर ती शिवी होते, गायीला गरोदर म्हटले तर विनोद होतो. शरीराच्या दृष्टीने एकाच जातीच्या भासणाऱ्या या दोन अवस्थांमध्ये भाषेने घातलेला उंबरठा इतका सवयीचा आहे की तो आपल्याला जाणवतही नाही. मात्र या सगळ्या शब्दसंसारात एक शब्द दोघींना समान आहे. वार बाईचीही पडते आणि गायीचीही पडते.

विसाव्या शतकातील प्रयोगशाळेने हा उंबरठा पुसून टाकला. सशीण, उंदरीण, गिनीपिग, मेंढी आणि स्त्री या सर्वांची अवस्था तिच्या लेखी एकच, म्हणजे गर्भावस्था. एकीच्या रक्तात जे सापडले ते दुसरीच्या बाबतीत खरे असणार, या गृहीतकावर एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्राने लक्षावधी अर्भके वाचवली, आणि त्याच गृहीतकाने लक्षावधी मातांना निरुपयोगी, प्रसंगी घातक औषध दिले. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातल्या आहेत, आणि तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावा असे आम्हाला वाटते. आम्ही काही शरीरशास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु एका संहितेत सापडलेला अर्थ दुसऱ्या संहितेवर कितपत लादता येतो, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे; आणि गर्भावस्थेतील संप्रेरकांचा इतिहास हा मुख्यतः याच प्रश्नाचा इतिहास आहे.

२

सुरुवात सशापासून होते. डेल्फ्ट येथील तरुण वैद्य रेनिए द ग्राफ यांनी १६७२ साली स्त्रीच्या प्रजननेंद्रियांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी संयोगानंतर वेगवेगळ्या वेळी सशिणींचे विच्छेदन केले होते. त्यांना असे दिसले की गाभण सशिणीच्या अंडाशयावर काही गोलसर गाठी उठलेल्या असतात आणि त्यांची संख्या गर्भाशयातील पिलांच्या संख्येशी जुळते. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, द ग्राफ वारले. त्या गाठींना त्यांच्या पिवळ्या रंगावरून नाव दिले ते इटलीच्या मार्चेल्लो मालपिघी यांनी. मराठीत आपण तिला पीतपिंड म्हणतो. वस्तुतः सर्व प्राण्यांत हा पिंड पिवळा नसतो, पण गायीत तो ठळक पिवळा दिसतो आणि नाव तेच रूढ झाले. एका प्राण्यावरून सर्वांचे नाव ठरण्याचा प्रघात इथूनच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

गाठ दिसली, मोजली गेली, तिचे नामकरणही झाले; पण ती कशासाठी आहे हे कळायला सव्वादोनशे वर्षे जावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाऊ येथील गर्भशास्त्रज्ञ गुस्ताव बोर्न (पदार्थवैज्ञानिक माक्स बोर्न यांचे वडील) यांना असे वाटू लागले की पीतपिंड ही एक ग्रंथी असावी आणि तिच्या स्रावामुळेच गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजत असावा. १९०० साली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ही कल्पना पडताळून पाहण्याचे काम त्यांनी लुडविग फ्रेंकेल या आपल्या शिष्यावर सोपवले होते. फ्रेंकेल यांनी संयोग झालेल्या सशिणींचे पीतपिंड तापलेल्या सुईने जाळले. अंडाशय जागेवर, गर्भाशय जागेवर, फक्त पीतपिंड नाहीत. गर्भ रुजले नाहीत. रुजलेले असतील तर टिकले नाहीत. त्यांचे सविस्तर निष्कर्ष १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातून वाहणाऱ्या अशा निरोप्या द्रव्यांसाठी 'हार्मोन' ही संज्ञा इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी त्यानंतर दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, वापरली. म्हणजे शब्द येण्याआधीच अनुभव येऊन बसला होता.

३

ग्रंथी सापडली तरी तिचा स्राव हाती लागत नव्हता. अंडाशयाचा अर्क काढावा, तो एखाद्या प्राण्याला टोचावा आणि परिणाम पाहावा, हे म्हणायला सोपे. पण परिणाम कशात पाहायचा? प्राणी जिवंत असताना त्याच्या अंडाशयात काय चालले आहे हे कसे ओळखायचे?

या अडचणीतून वाट निघाली ती गिनीपिगमुळे. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स स्टॉकार्ड आणि जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये दाखवले की योनिमार्गातील पेशींचा पातळ लेप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अंडाशयाचे चक्र कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगता येते. प्राण्याला मारावे लागत नाही. (हेच पापानिकोलाऊ पुढे स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीमुळे जगप्रसिद्ध झाले.) उंदरीण चार-पाच दिवसांत एक चक्र पूर्ण करते हे कॅलिफोर्नियात जोसेफ लाँग आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी १९२२ मध्ये सविस्तर मांडले. १९२३ मध्ये सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणींच्या अंडाशयातील पुटकांमधला द्रव काढून तो अंडाशये काढून टाकलेल्या उंदरिणींना टोचला. त्या माजावर आल्या. आज आपण ज्याला इस्ट्रोजेन म्हणतो त्या द्रव्याची ही पहिली खात्रीशीर खूण.

दुसरे द्रव्य, म्हणजे खुद्द पीतपिंडाचा स्राव, अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सापडला. जॉर्ज कॉर्नर आणि त्यांचा तरुण विद्यार्थी विलार्ड ॲलन यांनी डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क काढला. सशिणीचा संयोग झाला की काही तासांतच तिची अंडाशये काढायची, म्हणजे तिचा स्वतःचा आधार संपला. मग तिला हा अर्क टोचत राहायचे. १९२९ मध्ये त्यांनी दाखवले की या अर्काने गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या स्वागताला तयार होते आणि अंडाशयाविना गर्भधारणा पुढे नेता येते.

या कामातील एक प्रसंग कॉर्नर यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. अर्क एकाच पद्धतीने केला तरी ॲलनच्या हातचा यशस्वी होई आणि कॉर्नर यांच्या हातचा अयशस्वी. गुरूचा हात शिष्यापेक्षा वाईट कसा? पुष्कळ डोकेफोड झाल्यावर उलगडा झाला तो असा की अर्कात काहीच फरक नव्हता. फरक सशिणींत होता. ॲलन मोठ्या सशिणी निवडत होता आणि कॉर्नर लहान. वयात न आलेल्या सशिणीचे गर्भाशय पीतपिंडाच्या स्रावाला प्रतिसाद देत नाही, कारण त्याआधी इस्ट्रोजेनने त्याची मशागत झालेली असावी लागते. आधी नांगरट, मग पेरणी.

हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. संप्रेरकांचे 'संतुलन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो: एका पारड्यात हे, दुसऱ्यात ते, दोन्ही समान झाले की काटा मध्ये. सशिणीने दाखवलेले संतुलन तसे नव्हते. त्यात काळ होता, क्रम होता. आधी कोण आले, किती दिवस राहिले, आणि ज्या उतीला ते भेटले ती उती तेव्हा कोणत्या अवस्थेत होती, यावर अर्थ ठरत होता. वाक्यातील शब्दांसारखेच हे आहे. क्रम बदलला की अर्थ बदलतो.

१९३४ मध्ये चार ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी हे द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळाले: डान्झिगमध्ये बुटेनांट, ब्रेस्लाऊमध्ये स्लोट्टा, बाझलमध्ये हार्टमान व वेटस्टाइन आणि अमेरिकेत विलार्ड ॲलन व विंटरस्टायनर यांच्या हाती. हजारो डुकरिणींच्या अंडाशयांमागे काही मिलिग्रॅम. प्रत्येकाने नाव वेगळे दिले होते. अखेर १९३५ मध्ये लंडनला भरलेल्या बैठकीच्या निमित्ताने अमेरिकन आणि जर्मन नावांचा मेळ घालून प्रोजेस्टेरॉन हे नाव ठरले. संयुगाच्या शुद्धतेसाठी अशी चढाओढ चालू असताना जर्मनीत रक्ताच्या शुद्धतेचे कायदे होत होते. त्याच वर्षी स्लोट्टा यांनी ब्रेस्लाऊ सोडून ब्राझील गाठले. बुटेनांट जर्मनीतच राहिले आणि पुढच्या वर्षी बर्लिनमधील एका मोठ्या संशोधनसंस्थेचे संचालक झाले. नाव मात्र समेटाचे राहिले.

४

या काळात प्राण्यांचा आणखी एक उपयोग सुरू झाला. सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी बर्लिनमध्ये १९२७-२८ च्या सुमारास असे दाखवले की गरोदर स्त्रीचे मूत्र वयात न आलेल्या उंदरिणींना टोचले तर त्यांची अंडाशये काही दिवसांत पिकतात, त्यांवर रक्ताचे ठिपके आणि पीतपिंड दिसू लागतात. गरोदरपणाची ही पहिली विश्वसनीय प्रयोगशालेय परीक्षा. परिणाम पाहण्यासाठी उंदरिणी माराव्या लागत. पुढे अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी १९३१ मध्ये सशिणीवर हीच परीक्षा बसवली. एकच सशीण पुरे आणि निकाल लवकर. ससा मेला म्हणजे बाई गरोदर, अशी समजूत तिकडे पसरली. खरे तर उत्तर काहीही असले तरी सशीण मरतच असे, कारण अंडाशय पाहण्यासाठी तिला उघडावेच लागे. अखेर दक्षिण आफ्रिकेतील एक बेडकी कामाला आली. मूत्रातील संप्रेरकामुळे ती काही तासांत अंडी घालते. ती मरत नाही, आणि पुन्हा वापरता येते. आशहाइम व झोंडेक यांनाही १९३३ नंतर जर्मनी सोडावी लागली. एक पॅरिसला गेले, दुसरे स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला.

या परीक्षेने एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. बाईच्या वारेतून आलेला निरोप उंदरिणीला वाचता येत होता, सशिणीला येत होता, बेडकीलाही येत होता. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना एकच लिपी होती. मग भाषाही एकच असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला तर त्यात आश्चर्य नाही. लिपी एक असली की भाषा एक असतेच असे नाही, हे मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत वाचणाऱ्याला सांगायला नको. पण ती जाणीव इथे व्हायला वेळ लागला.

५

आता गाभण उंदरिणीच्या रक्तात दिवसागणिक काय घडते ते पाहू. तिचा काळ एकवीस-बावीस दिवसांचा. संयोगाच्या स्पर्शानेच तिच्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिनच्या लाटा रोज दोनदा उठू लागतात आणि त्या पीतपिंडांना जगवतात. साधारण निम्मा काळ उलटल्यावर ही जबाबदारी वारेकडे जाते; वार स्वतःची संप्रेरके स्रवून पीतपिंडांना कामाला लावते. प्रोजेस्टेरॉन मात्र शेवटपर्यंत पीतपिंडांतूनच येते. म्हणून उंदरिणीची अंडाशये कोणत्याही टप्प्यावर काढली तरी गर्भ टिकत नाही. एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास चित्र पालटते. पीतपिंडांत एक विकर जोर धरते आणि प्रोजेस्टेरॉनचे निष्क्रिय रूपांत रूपांतर करू लागते. प्रोजेस्टेरॉनची पातळी कोसळते, इस्ट्रोजेनची चढते, आणि एक-दोन दिवसांत ती विते.

सशिणीचा काळ एकतीस दिवसांचा. तिथेही पीतपिंड शेवटपर्यंत आवश्यक आणि विण्याआधी प्रोजेस्टेरॉन उतरणीला. १९३० च्या दशकात असे आढळले की शेवटच्या दिवसांत गाभण सशिणीला प्रोजेस्टेरॉन टोचत राहिले, किंवा तिच्या अंडाशयात नवे पीतपिंड तयार करवले, तर विणे लांबते. पिले आत वाढत राहतात आणि बहुतेक आतच मरतात. दिवस भरलेले असतात, पण दार उघडत नाही.

या साऱ्याला सिद्धान्ताचे रूप दिले ते आर्पाद चापो या हंगेरियन शास्त्रज्ञाने. १९५६ मध्ये त्यांनी मांडले की प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाच्या स्नायूला शांत ठेवते, त्याच्या आकुंचनाला बांध घालते; हा बांध फुटला की कळा सुरू होतात. साधी, रेखीव आणि सशिणीच्या बाबतीत तंतोतंत खरी अशी ही मांडणी होती. मग बाईच्या बाबतीतही ती खरी असली पाहिजे.

ती तशी नव्हती. रक्तातील संप्रेरकांचे अतिसूक्ष्म मोजमाप करणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शक्य झाले, आणि तेव्हा निर्विवाद दिसले की स्त्रीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन बाळंतपणाआधी कोसळत नाही. कळा चालू असतात तेव्हाही ते भरपूर असते आणि वार पडल्यावरच ते उतरते. कारण स्त्रीच्या बाबतीत पीतपिंडाची गरज पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते; पुढे प्रोजेस्टेरॉन बनवण्याचे काम वार स्वतःच पूर्णपणे उचलते. गंमत म्हणजे हे सत्य सिद्ध करण्यात खुद्द चापो अग्रेसर होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गरोदरपणाच्या साधारण सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढला तर गर्भ पडतो. नवव्यानंतर काढला तर पडत नाही.

प्रयोगशाळेत बाईच्या जवळपास जाणारा प्राणीही होताच. गिनीपिगचा काळ अडुसष्ट दिवसांच्या आसपास; तिची अंडाशये मध्यावर काढली तरी गर्भ टिकतो, आणि विण्याआधी तिचेही प्रोजेस्टेरॉन कोसळत नाही. पण सिद्धान्त घडले ते सशिणी आणि उंदरिणींवर, कारण त्या स्वस्त, लवकर विणाऱ्या आणि एका वेळी अनेक पिलांना जन्म देणाऱ्या.

आणि इथे आम्हाला तो एकच समान शब्द आठवतो. भाषेने बाई आणि गाय यांच्यात सगळीकडे भेद केला, पण वार मात्र दोघींची एकच ठेवली. शरीराने नेमके उलट केले आहे. संप्रेरके बहुतांशी तीच, स्नायू तोच, पीतपिंड तोच. पण सस्तन प्राण्यांत जो अवयव जातीजातीत सर्वांत जास्त बदलतो तो म्हणजे वार.

६

हा फरक केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हता. त्याची किंमत कोणी दिली ते पाहू.

१९३८ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. स्वस्त, तोंडाने घेता येणारे, प्रभावी. बोस्टनमधील जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याला असे आढळले होते की गरोदरपणातील काही गुंतागुंतींच्या आधी स्त्रीची संप्रेरके घटतात. मग त्यांनी असे मांडले की हे औषध दिले तर वार अधिक प्रोजेस्टेरॉन स्रवेल, संतुलन पूर्ववत होईल आणि गर्भ वाचेल. हा तराजूचा विचार होता: पारडे हलके झाले, वजन टाका. पण संप्रेरक घटल्यामुळे गर्भ धोक्यात येतो, की धोक्यात आलेल्या गर्भाची वारच कमी संप्रेरक बनवते? हा प्रश्न पुरेशा जोराने विचारला गेला नाही. १९५३ मध्ये शिकागो येथे सुमारे सोळाशे स्त्रियांवर योग्य तुलना ठेवून केलेल्या चाचणीत औषधाचा काही उपयोग दिसला नाही. तरीही ते देणे चालू राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुली-स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाला होता, आणि त्यांतील सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात ते न देण्याचा इशारा दिला.

इथे दोष प्राण्यांवरील प्रयोगांना देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, पण तो न्याय्य नाही. उंदरिणींना इस्ट्रोजेन टोचले तर गर्भ पडतो, हे १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले गेले होते. गाभण उंदरिणींना इस्ट्रोजेन दिल्यास पिलांच्या जननेंद्रियांत विकृती येते, हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोतच आढळले होते. प्राण्याने सांगितले होते. ऐकले गेले नाही. सशिणीने स्वतःविषयी सांगितलेले बाईवर लादले गेले आणि उंदरिणीने दिलेली सूचना 'ती उंदरीण आहे' म्हणून बाजूला ठेवली गेली. सोयीचे असेल तेव्हा गाभण म्हणजेच गरोदर, गैरसोयीचे असेल तेव्हा गाभण वेगळी. वाचनातही हा अप्रामाणिकपणा आपण पाहतो. हवे तेवढे उद्धृत करायचे, नको तिथे संदर्भ वेगळा आहे म्हणायचे.

७

दुसरी कथा मेंढीची आहे, आणि ती आम्हाला या इतिहासातील सर्वांत सुंदर कथा वाटते.

जन्माची वेळ कोण ठरवते, आई की मूल? हिप्पोक्राटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहात याचे उत्तर आहे: आतला आहार पुरेनासा झाला की मूलच धडपड करून बाहेर येते. संप्रेरकांच्या युगात मात्र आईच्या अंडाशयाकडे आणि गर्भाशयाकडेच सर्वांचे लक्ष होते. शंका आली ती कळपातून. अमेरिकेतील आयडाहो भागात मेंढ्या डोंगरातील एक रानवनस्पती खात आणि त्यांच्यापैकी काहींच्या पोटी एकच डोळा असलेली विद्रूप कोकरे वाढत. त्या मेंढ्या वेळेवर वितही नसत; दिवस उलटून जात. कोकराच्या मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी नीट घडलेली नसे.

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांनी हा धागा पकडला. १९६० च्या दशकात त्यांनी मेंढीच्या पोटातील कोकराची पीयूषिका नष्ट केली, तेव्हा एकशेसत्तेचाळीस दिवस उलटले तरी मेंढी व्यायली नाही. उलट, कोकराला कॉर्टिसॉलसारखे द्रव्य दिले तर ती दिवस भरण्याआधीच व्यायली. म्हणजे निरोप कोकराकडून येत होता. दिवस मोजत होते ते कोकरू. पुढे यामागची यंत्रणाही उलगडली. कोकराचे कॉर्टिसॉल वारेतील एक विकर जागे करते. ते विकर प्रोजेस्टेरॉनला इस्ट्रोजेनच्या वाटेवर ढकलते. एक उतरते, दुसरे चढते, आणि कळा सुरू होतात. सशिणीत पीतपिंड जे करतो ते इथे वार करते. गणित तेच, हात वेगळा.

बाईच्या वारेत ते विकर नाही. म्हणजे मेंढीने दिलेले हे उत्तर, इतके पूर्ण, इतके देखणे, बाईला लागू पडत नाही. गरोदर स्त्रीला अशी द्रव्ये दिल्याने कळा येत नाहीत. अकाली प्रसूतीचे रहस्य शोधायला निघालेल्या लिगिन्स यांना मेंढीचे रहस्य मिळाले आणि बाईचे मिळाले नाही.

पण प्रयोगाच्या कडेला एक गोष्ट पडलेली होती. एकशेसतराव्या दिवशी जन्मलेले एक कोकरू, ज्याची फुप्फुसे इतक्या लवकर उघडणे शक्यच नव्हते, ते श्वास घेत होते. लिगिन्स यांनी ती पाहिली. कॉर्टिसॉलसारख्या द्रव्याने कोकराची फुप्फुसे वेळेआधी पक्व झाली असावीत, असे त्यांनी ताडले. मग त्यांनी जे केले तेच महत्त्वाचे. मेंढीत दिसले म्हणून बाईत असणारच, असे न मानता त्यांनी व बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर तुलनात्मक चाचणी केली. १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अकाली जन्मलेल्या, पण आधी औषध मिळालेल्या अर्भकांत श्वसनाचा विकार ९ टक्के, न मिळालेल्यांत सुमारे २६. पहिल्या आठवड्यातील मृत्यू ३.२ टक्के आणि १५ टक्के. जगाने हे औषध सर्रास स्वीकारायला आणखी वीस वर्षे घेतली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या चाचणीनेही त्याचा उपयोग पुन्हा सिद्ध केला. आज महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णालयात आठव्या महिन्याच्या आत कळा सुरू झालेल्या बाईला जे इंजेक्शन दिले जाते, त्याच्या मुळाशी ऑकलंडच्या त्या कोकराचा श्वास आहे.

८

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट तरीही संपली नाही. १९८० च्या दशकात प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव रोखणारे मिफेप्रिस्टोन हे औषध आले, आणि त्याने दाखवले की बाईचे गर्भाशयही प्रोजेस्टेरॉनचे ऐकते. त्याचा आवाज बंद केला की ते आकुंचनाला सज्ज होते. म्हणजे चापो अगदीच चुकले नव्हते. आज अभ्यासक असे मानतात की बाईत द्रव्याची पातळी उतरत नाही, तर ते द्रव्य ऐकणारे ग्राहक बदलतात. बोलणारा तितक्याच मोठ्याने बोलत असतो. ऐकणारा ऐकेनासा होतो. कॉर्नर यांच्या लहान सशिणीही हेच सांगत होत्या.

पण तराजूचा मोह सुटत नाही. अकाली प्रसूती टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनचे एक कृत्रिम रूप इंजेक्शनने द्यावे या उपचाराला २००३ मधील एका चाचणीने बळ दिले. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला सशर्त मान्यता मिळाली, २०१९ मधील मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली.

भाषांतराच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट वारंवार सांगतो. वाईट भाषांतराने फारसे नुकसान होत नाही, कारण ते लगेच ओळखू येते. नुकसान करते ते असे भाषांतर, ज्यात भाषांतर झाले आहे हेच वाचणारा विसरतो. सशिणीवरून बाईकडे जाणे हे भाषांतर होते. चापो यांनी ते केले आणि नंतर स्वतःच मुळाशी ताडून पाहिले. लिगिन्स यांनी केले आणि छापण्याआधी ताडून पाहिले. स्टिल्बेस्ट्रॉल देणाऱ्यांना आपण भाषांतर वाचतो आहोत हे आठवलेच नाही.

म्हणूनच आपल्या भाषेतला तो उंबरठा आम्हाला आता निव्वळ शिष्टाचाराचा वाटत नाही. गाभण आणि गरोदर हे दोन शब्द वेगळे ठेवणाऱ्यांना वारेतील विकरांची माहिती असण्याचे कारण नव्हते; गोठा आणि माजघर यांच्यातले अंतर राखणे एवढाच त्यांचा हेतू असेल. पण उंबरठा ओलांडण्यासाठी असतो, तसाच तो ओलांडताना पाय उचलावा लागतो याची आठवण देण्यासाठीही असतो. सशिणी, उंदरिणी, गिनीपिग, बेडक्या आणि मेंढ्या यांनी आपापल्या अवस्थेविषयी जे सांगितले ते खरेच होते. त्यांतल्या बहुतेक ते सांगण्यासाठी मेल्या. त्यांचे म्हणणे आधी त्यांचे म्हणून वाचावे, मगच ते आपल्याला कितपत लागू आहे हे पाहावे, एवढे तरी त्यांचे आपल्यावर ऋण आहे.